सोसायटीचं पार्किंग नेमकं कुणाचं?

वार्षिक सभेत पाण्याचा विषय दहा मिनिटांत उरकतो, पार्किंगचा मात्र रात्री अकरापर्यंत रेंगाळतो. बहुतेक भांडणांच्या मुळाशी एकच वाक्य असतं: ‘ही जागा मी बिल्डरला पैसे मोजून घेतली आहे.’

पैसे मोजले असतीलही, पण तेवढ्याने जागा मालकीची होत नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी स्पष्ट केलं, की खांबांमधली स्टिल्टची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. हा निकाल 1963 च्या मोफा कायद्याखालचा. 2016 च्या रेरा कायद्यानेही उघडं पार्किंग सामाईकच धरलं आहे. रेरात नोंदलेल्या नव्या प्रकल्पांत छत असलेल्या पार्किंगचे पैसे मात्र बिल्डर घेऊ शकतो. तेव्हा तावातावाने बोलण्याआधी आपला करारनामा काढून बघावा.

सोसायटीने दिलेली जागा तर आणखी तात्पुरती. आदर्श उपविधींनुसार ती सभासदाला विकता येत नाही की परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या.

‘शुल्क भरतो, मग कशीही लावीन’ हा त्याच समजुतीचा धाकटा भाऊ. त्याचा हिशेब साधा आहे. पट्टा साधारण अडीच मीटर रुंद, हल्लीच्या ऐसपैस गाड्या पावणेदोन ते 1.8 मीटर. दोन गाड्या आपापल्या पट्ट्यात मधोमध असतील, तर मध्ये सुमारे 70 सेंटिमीटर उरतात. तुम्ही फूटभर सरकलात की उरले 40. पट्टा ओलांडलेला नसतो, वाद घालायला तांत्रिक मुद्दा शिल्लक असतो आणि शेजारच्या आजींना दार जेमतेम वीतभर उघडता येतं.

आडवी गाडी लावून ‘न्यूट्रलमध्ये आहे, ढकला की!’ म्हणणाऱ्यांना तर आपण उपकारच करतोय असं वाटतं. जमिनीला जरा उतार असला, तर हँडब्रेक न लावलेली गाडी कुणी न ढकलताही निघते. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये असली की ढकलून हलत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक बऱ्याच गाड्यांत आपोआप लागतो. शिवाय सकाळी सातला, ऑफिसच्या कपड्यांत, दुसऱ्याची टनभर गाडी ढकलायची कुणी?

चारही इंडिकेटर लावून ‘दोन मिनिटांत’ परतणाऱ्यांविषयी काय बोलावं! ते दिवे अडथळ्याची सूचना देतात, परवानगी नव्हे.

राहिला ‘कोपऱ्यात लावली, कुणाला अडत नाही’ हा युक्तिवाद. तिथून कार सहज वळते, अग्निशमन दलाचा बंब वळत नाही. शिडीच्या गाडीला तर उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना आधाराचे पाय पसरावे लागतात. त्याशिवाय शिडी वर जात नाही.