पाण्यातला श्वास आणि माशांचे बुडणे

बुडणाऱ्या माणसाचा मृत्यू शरीराला ऑक्सिजन न मिळाल्यामुळे होतो आणि पाणी हे त्याचे निमित्त ठरते. याच निकषाने पाहिले तर माशालाही पाण्यात गुदमरून मरण येऊ शकते, आणि काही जातींचे मासे तर माणसाप्रमाणेच, पृष्ठभागापर्यंत पोहोचता न आल्यामुळे, शब्दशः बुडून मरतात. हे कसे घडते ते समजून घ्यायचे, तर मासा पाण्यातून श्वास घेतो कसा आणि ते काम किती कष्टाचे आहे, हे आधी पाहावे लागते.

पाण्याचा रेणू हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असला, तरी त्या रेणूत बांधला गेलेला ऑक्सिजन माशाच्या उपयोगाचा नसतो. हवेतून पाण्यात विरघळलेला आणि पाणवनस्पती व शेवाळ यांनी प्रकाशसंश्लेषणातून सोडलेला मुक्त ऑक्सिजनच त्याला घेता येतो. हा साठा फार तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेशी पुरते मिसळलेले असले तरी, जेमतेम ६ मिलिलिटर. म्हणजे एक लिटर हवेत, जिचे वजन सव्वा ग्रॅमही भरत नाही, जेवढा ऑक्सिजन आहे तेवढा मिळवण्यासाठी माशाला सुमारे ३५ किलो पाणी कल्ल्यांवरून न्यावे लागेल, आणि तेही त्यातला कणन् कण शोषता आला तरच. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असून कितीतरी अधिक चिकट आहे, आणि त्यात ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे एक दहा-हजारांश इतकाच असतो. तापमान वाढले की पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता घटते: शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे प्रमाण आणखी कमी भरते. उन्हाळ्यात तर माशाची कोंडी दोन्ही बाजूंनी होते, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि त्याच उष्णतेने चयापचय वाढल्यामुळे शरीराची गरज मात्र वाढलेली असते.

इतक्या दरिद्री माध्यमातून जगण्यापुरता ऑक्सिजन वेगळा काढणारे इंद्रिय म्हणजे कल्ले. बाजारात मासा ताजा आहे की नाही हे पाहण्यासाठी गालाजवळचे झाकण उचलून ज्या लाल भागाकडे पाहिले जाते, तोच हा भाग, आणि त्याचा लाल रंग पातळ त्वचेखालून वाहणाऱ्या रक्ताचा असतो. बहुतेक अस्थिमाशांत, म्हणजे ज्यांचा सांगाडा हाडांचा असतो अशा माशांत, डोक्याच्या प्रत्येक बाजूस कल्ल्यांच्या चार कमानी असतात. प्रत्येक कमानीवर तंतूंच्या दोन रांगा आणि प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ पडद्यांच्या ओळी असतात, ज्यांना पटलिका म्हणतात. या रचनेमुळे लहानशा जागेत प्रचंड पृष्ठभाग सामावतो आणि पाणी व रक्त यांच्यामध्ये पेशींचा अगदी पातळ थर तेवढा उरतो.

तरीही केवळ पृष्ठभाग मोठा असून भागले नसते. कल्ल्यांचे खरे सामर्थ्य प्रवाहांच्या दिशेत आहे. पटलिकांवरून पाणी ज्या दिशेने जाते, तिच्या नेमके उलट दिशेने त्यांच्यातले रक्त वाहते, आणि या रचनेला प्रतिप्रवाह पद्धती म्हणतात. पाणी व रक्त एकाच दिशेने वाहिले असते, तर काही अंतरावर दोघांतला ऑक्सिजन समसमान होऊन देवाणघेवाण थांबली असती. परंतु उलट दिशांमुळे ऑक्सिजन घेत घेत पुढे चाललेल्या रक्ताला प्रत्येक टप्प्यावर आपल्याहून अधिक ऑक्सिजन असलेले पाणी भेटत राहते, आणि म्हणून हा प्रवाह अखेरपर्यंत पाण्याकडून रक्ताकडेच चालू राहतो. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टेंच नावाच्या युरोपीय माशाच्या कल्ल्यांवरून पाणी उलट दिशेने सोडले गेले, तेव्हा त्याने शोषलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण निम्म्यावरून थेट एक दशांशाच्या आसपास घसरले. अनुकूल स्थितीत काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतात. माणसाचे फुप्फुस आत आलेल्या हवेतला जेमतेम चतुर्थांश ऑक्सिजन घेते, पण हवेत तो मुबलक असल्यामुळे माणसाचे त्यावर निभते.

पाणी कल्ल्यांवरून सतत वाहते ठेवणे हे माशाचे न थांबणारे काम आहे. बहुतेक मासे तोंड उघडून पाणी आत घेतात, मग तोंड मिटून आणि कल्ल्यांची झाकणे हलवून ते मागे ढकलतात, आणि तोंड व झाकणांमागची पोकळी असे हे दोन पंप एकापाठोपाठ चालत असल्याने पाण्याचा ओघ जवळजवळ अखंड राहतो. बांगड्याच्याच कुळातल्या कुपा माशाने मात्र वेगळी वाट धरली आहे. तो तोंड किंचित उघडे ठेवून सतत पोहत राहतो आणि त्याच्या वेगानेच पाणी कल्ल्यांवरून जाते. पंपाची पद्धत त्याला पुरत नसल्यामुळे त्याला थांबवून ठेवले तर तो भोवती पाणी असूनही गुदमरतो. शार्क जन्मभर पोहतच राहतात, असा सर्रास समज असला तरी तो अर्धाच खरा आहे: तळाशी निवांत पडून राहणाऱ्या अनेक शार्क तोंडाने पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या पांढऱ्या शार्कसारख्या खुल्या समुद्रातल्या काही जातींनाच सतत पोहावे लागते. अशी शार्क जाळ्यात अडकून निश्चल झाली की तिचा श्वास कोंडतो.

पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडून मरतो, याचे कारणही कल्ल्यांच्या नाजुकपणातच आहे. पाण्याचा आधार सुटताच भिजलेल्या पुस्तकाची पाने एकमेकांना चिकटावीत तशा पटलिका मिटून जातात, उपयोगी पृष्ठभाग अगदी थोडा उरतो आणि तोही हळूहळू वाळू लागतो. परिणामी, भोवतालच्या हवेत पाण्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन असूनही माशाला तो घेता येत नाही.

पाण्यातच होणारी घुसमट अधिक व्यापक आणि अधिक चिंतेची आहे. सांडपाणी, निर्माल्य, पिठाचे गोळे किंवा कोणताही सेंद्रिय पदार्थ पाण्यात पडला की तो कुजवणारे जिवाणू विरघळलेला ऑक्सिजन वापरू लागतात, तर सांडपाण्यातल्या नत्र व स्फुरद यांच्यावर पोसलेले शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडत असले तरी रात्री प्रकाश नसताना स्वतःच्या श्वसनासाठी तोच वापरते. म्हणूनच तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि मरून तरंगणारे मासे बहुधा सकाळी दिसतात. मुंबईच्या वाळकेश्वर येथील बाणगंगा तलावात पितृपक्षातल्या विधींनंतर मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात, त्यामागचे कारण हेच. अशा तलावात मासे मरण्यापूर्वी पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करतात, कारण हवेला लागून असलेल्या पातळ थरात थोडा अधिक ऑक्सिजन असतो. ही धोक्याची खूण आहे, आणि ती पाहून मासे भुकेले आहेत असे समजून आणखी खाद्य टाकणे म्हणजे कुजणाऱ्या पदार्थात भर घालणे होय.

समुद्रही याला अपवाद नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे, पोषक द्रव्यांनी समृद्ध पण ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर येते. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरल्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचत नाही, आणि वरून पडणारे सेंद्रिय अवशेष कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या उथळ समुद्रातली ऑक्सिजनची टंचाई तीव्र होत असल्याचे मांडले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ती सर्वाधिक जाणवते.

या सर्व उदाहरणांत मासे पाण्यात गुदमरतात. पण हवा न मिळाल्यामुळे बुडून मरणारे मासेही आहेत. महाराष्ट्राच्या नद्या-तळ्यांत मिळणाऱ्या मरळ माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पोकळी असते, आणि तो ठरावीक वेळाने वर येऊन तोंडाने हवा घेतो व ती या पोकळीत साठवतो. वाढ झालेल्या मरळीचे कल्ले एकट्याने तिची गरज भागवू शकत नाहीत, त्यामुळे पाण्याखाली लावलेल्या जाळ्यात ती अडकून राहिली तर पाण्यात ऑक्सिजन असूनही ती मरते. बंगालमध्ये ‘कोई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲनाबस माशाची तऱ्हा अशीच आहे. आफ्रिकेतल्या फुप्फुसमाशाला तर खरीखुरी फुप्फुसे असतात आणि पृष्ठभागापर्यंत जाऊ न दिल्यास तो बुडतो. चार्ल्स डार्विनने १८५९ साली, माशांच्या वाताशयाचे, म्हणजे तरंगण्यासाठी असलेल्या हवेच्या पिशवीचे, पुढे फुप्फुसात रूपांतर झाले असावे असे मांडले होते. नंतरच्या पुराव्यांनी हा क्रम उलटा ठरवला, आणि अस्थिमाशांच्या पूर्वजांत आधी फुप्फुसे होती व वाताशय त्यांच्यापासून घडला, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. कोकणच्या खाड्यांच्या चिखलात दिसणारी निवटी ओहोटीच्या वेळी उघड्यावर वावरते, ओलसर त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेते, आणि तिच्या काही जातभाईंमध्ये अंडी ठेवलेल्या बिळात नर तोंडाने हवा नेऊन सोडतो.

हवा घेण्याची ही क्षमता कधीकधी अडचणीचीही ठरते. आफ्रिकन मागूर, जो बाजारात ‘थाई मागूर’ या नावाने विकला जातो आणि ज्याच्या पालनावर भारतात बंदी आहे, हवेतून श्वास घेऊ शकत असल्यामुळे घाण, दाटीवाटीच्या आणि ऑक्सिजनहीन तळ्यांतही तग धरतो, जिथे रोहू किंवा कटला दोन दिवसही जगणार नाहीत. बंदी असूनही तो चोरून पाळला जातो तो मुख्यतः याच कारणाने, आणि तळ्यातून निसटून तो नदीत पोहोचला तर स्थानिक माशांना खाऊन संपवू शकतो. म्हणून एखाद्या तळ्यात मासे जिवंत आहेत एवढ्यावरून ते पाणी निरोगी ठरत नाही. त्यात कोणत्या जाती उरल्या आहेत, हेही पाहावे लागते.