युद्धसमितीचे टेबल आणि खेड्यातला माणूस

गेल्या पावसाळ्यात नरसी नामदेव येथे एका अभ्यासवर्गात मी बोललो. विषय होता लष्करातील अस्पृश्यांच्या भरतीचा. बोलणे संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पहिल्या महायुद्धात खेड्यापाड्यांतली माणसं पार इराकपर्यंत गेली हे कळलं. पण त्यांना तिकडं धाडायचं हे ठरवलं कुणी?" मी म्हणालो, "इंग्रज सरकारनं." उत्तर देतानाच ते अपुरे आहे हे मला जाणवले. 'सरकार' हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या आड निर्णय घेणारी माणसे दिसेनाशी होतात. ती माणसे कोण, ती कोठे बसत आणि कोणाला विचारून ठरवीत, हे आपण समजून घेतले पाहिजे.

सुरुवात नरसीशेजारच्या हिंगोलीपासूनच करता येते. निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. हिंगोली हे या फौजेच्या छावणीचे एक ठिकाण होते. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने निजामाशी नवा करार केला. वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन केली. १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी उठली. छावणीच्या आधाराने पोट भरणाऱ्यांना या कराराबद्दल कोणी विचारले असेल, असे मानायला जागा नाही. हाच कर्झन पुढे युद्धकाळात लंडनमध्ये एका समितीचा अध्यक्ष म्हणून आपल्याला पुन्हा भेटतो.

अशी समिती का लागली? १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा पूर्वेकडच्या प्रदेशांचा कारभार एका हातात नव्हता. इराणचे आखात आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हिंदुस्थान सरकार आणि लंडनचे इंडिया ऑफिस पाहत होते. इराणशी राजकीय व्यवहार परराष्ट्र खाते करी. अरबस्तानातील शरीफ हुसेन याच्याशी बोलणी कैरोहून चालत, आणि ती दिल्लीला पसंत नव्हती. एक खाते वचन देई, तर दुसरे सैन्य हलवी. १९१५ मध्ये सर मॉरिस डी बुन्सेन यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने तुर्की साम्राज्याच्या प्रदेशांचे पुढे काय करायचे याचा विचार केला. त्या प्रदेशांत राहणारा एकही माणूस त्या समितीत नव्हता.

या विस्कळीत कारभाराची किंमत कोणी मोजली? ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने बगदादकडे सरकण्यास मान्यता दिली. पुढे गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. टेसिफनला ही फौज अडली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हैराण झालेली सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दवापाणी आणि वाहतूक यांचे झालेले हाल त्याने उघड केले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन याने राजीनामा दिला. मेलेल्या शिपायाला राजीनाम्याची सोय नव्हती.

त्याआधीच, डिसेंबर १९१६ मध्ये, लॉइड जॉर्जने लहानसे युद्ध मंत्रिमंडळ स्थापन केले होते. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले आणि त्या प्रांताच्या कारभारासाठी कर्झनच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचीच पुढे 'मिडल ईस्ट कमिटी' झाली. मार्च १९१८ मध्ये इराण आणि रशियासंबंधीच्या समित्या तिच्यात मिळवून 'ईस्टर्न कमिटी' म्हणजे पूर्व समिती तयार झाली. अध्यक्ष कर्झनच. परराष्ट्रमंत्री बाल्फोर, भारतमंत्री माँटेग्यू, जनरल स्मट्स आणि लष्करप्रमुख हेन्री विल्सन हे तिचे सभासद. निरनिराळ्या खात्यांच्या तारा आणि टिपणे या टेबलावर येत, त्यांवर वाद होई आणि ठराव तारेने बगदाद, तेहरान, सिमला असे रवाना होत. इराण, कॉकेशस, ट्रान्सकॅस्पिया, मेसोपोटेमिया, हेजाज हे सारे एका टेबलावर. जानेवारी १९१९ मध्ये ही समिती संपली.

या टेबलावर हिंदुस्थानच्या वतीने कोण बोलत होते? माँटेग्यू. १९१७ च्या साम्राज्य युद्ध मंत्रिमंडळात बिकानेरचे महाराज आणि सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांना बोलावले गेले होते, हे खरे. एक संस्थानिक आणि एक नामवंत बॅरिस्टर! त्यांच्या मागे ज्या समाजाचे कोट्यवधी लोक होते, त्यांतल्या तळच्या माणसाला ना निमंत्रण होते ना आवाज. मात्र माणसे लागली ती तळचीच. हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात पावणेसहा लाखांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी बिनलढाऊ होती. भिस्ती, मोतद्दार, खेचरवाले, सफाईवाले, हमाल. जातीने नेमून दिलेली कामेच त्यांनी समुद्रापलीकडे जाऊन केली.

आता आपल्या भरतीची कथा याच्या शेजारी ठेवून पाहा. १८९२-९३ च्या सुमारास 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्ताने महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडले आहे, हे त्यांत सांगावे लागले. अर्ज फायलीत पडून राहिले. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. पंचवीस वर्षांच्या अर्जांनी जे झाले नाही ते टेबलावरच्या गरजेने झाले, आणि गरज सरताच तेही पुसले गेले. हा न्याय नव्हे, हा वापर होता.

सुभेदार रामजींच्या मुलाने हे नेमके ओळखले होते. १९४१ मध्ये दुसरे युद्ध चालू असताना व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ वाढवले. त्यात अस्पृश्यांचा एकही प्रतिनिधी नाही, हे पाहून डॉ. आंबेडकरांनी भारतमंत्री एमरी याच्याकडे तारेने निषेध नोंदवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि ती आजही आहे. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब त्याच कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. साम्राज्याचे युद्धधोरण तेव्हाही लंडनमध्येच ठरत होते, ही मर्यादा विसरून चालणार नाही. पण वलंगकरांच्या अर्जापासून बाबासाहेबांच्या खुर्चीपर्यंतचे अंतर हेच आपल्या चळवळीने चाललेले अंतर आहे.

त्या मेलेल्यांचे पुढे काय झाले? बसऱ्याच्या युद्धस्मारकावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या लिहिली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या समितीने २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल केला. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, प्रामुख्याने आफ्रिकी, हिंदी आणि इजिप्शियन माणसांची, नावे घालून स्मृती राखली गेली नाही, असे तिच्या अहवालात म्हटले आहे. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो.

नरसीच्या त्या वर्गात मला चोखोबा आठवले. मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांची हाडे ओळखून पंढरीला आणली, अशी परंपरा सांगते. समाधी मात्र मंदिराच्या दाराबाहेरच झाली. हाडे ओळखणे हे मैत्रीचे काम, ते आपण केलेच पाहिजे. आपापल्या गावातून कोण गेले, कोण परतले नाही, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आणि घरातल्या जुन्या कागदांतून विद्यार्थ्यांनी आजच टिपून घ्यावे. पण तेवढ्यावर थांबू नये. भिंत बांधायची की नाही, हे जिथे ठरते तिथे कोण बसले आहे, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याने विचारला होता. तो प्रत्येक समितीला, प्रत्येक मंडळाला विचारीत राहिले पाहिजे.