सोंग, पात्रवर्ग आणि अपेक्षित वर्तन : बोहाडा व कल्पनारम्य भूमिकाखेळ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

कोणतीही भूमिका स्वीकारली की तिच्यासोबत विशिष्ट वर्तनाची अपेक्षाही येते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नायकाचे धीरोद्धत, धीरललित, धीरोदात्त व धीरप्रशांत असे चार प्रकार सांगितले आहेत. देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, तर ब्राह्मण व वणिक धीरप्रशांत, अशी त्यांची वाटणीही तेथे आहे. म्हणजे स्वभाव, वर्तन आणि सामाजिक स्थान यांची सांगड फार जुनी आहे. ही सांगड कोठे उपयुक्त ठरते आणि कोठे जाचक होते, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे. पहिले नाशिक जिल्ह्यातील बोहाडा, तर दुसरे अमेरिकेत उदयास आलेला कल्पनारम्य भूमिकाखेळ होय.

बोहाड्यातील सोंगे

दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव सप्तशृंगी देवीमुळे सर्वपरिचित आहे. महिषासुराचा वध करणाऱ्या या अठरा भुजांच्या देवीचे स्थान जवळच्या गडावर आहे. हीच देवी-महिषासुराची कथा नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, तसेच मोखाडा-जव्हार भागात बोहाड्याच्या रूपाने सादर होते. होळीनंतरच्या दिवसांत, गावोगाव वेगवेगळ्या तिथींना, लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे धारण करून सोंगे रात्रभर नाचविली जातात. साथीला संबळ व पिपाणी असते. प्रारंभी गणपती व सरस्वती येतात. मग रामायण-महाभारतातील पात्रे व ग्रामदेवता येतात. शेवटी पहाटेच्या सुमारास देवी व महिषासुर यांचे युद्ध होते.

या नाट्यात संवादाला फारसे स्थान नाही. मुखवट्यामुळे सोंगधारकाचा चेहरा झाकलेला असतो. त्यामुळे सोंगाची ओळख मुखवटा, चाल आणि वाद्यांचा ठेका यांवरून पटते. गणपतीची चाल डुलती, तर राक्षसाची आक्रमक असते. राक्षसाने गणपतीच्या चालीने नाचावयाचे ठरविले तर प्रेक्षकांना कथाच कळणार नाही. येथे अपेक्षित वर्तन हे बंधन नसून सोंगाची भाषा आहे. देवाच्या सोंगास प्रेक्षक नमस्कार करतात, इतके त्या सोंगाचे सामर्थ्य मानले जाते. काही गावांत ठराविक सोंगाचा मान ठराविक घराण्याकडे असतो, तर काही ठिकाणी सोंगासाठी बोली लागते.

भूमिकाखेळातील पात्रवर्ग

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार-सहा खेळाडू टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. उरलेले आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. लिखित संहिता नसते आणि कथेचा शेवटही आधी ठरलेला नसतो.

आरंभी योद्धा, मांत्रिक व पुरोहित हे तीनच पात्रवर्ग होते. १९७५ च्या पुरवणीत चोर व धर्मयोद्धा यांची भर पडली. या वर्गांशी निगडित अपेक्षा तीन स्तरांवर आढळतात. पहिला स्तर क्षमतेचा : मांत्रिकाने मंत्र योजावेत, योद्ध्याने शस्त्र चालवावे. दुसरा स्तर आचारसंहितेचा : सुरुवातीच्या नियमांनुसार पुरोहितास धारदार शस्त्र वर्ज्य होते, तर मर्यादा सोडून वागणारा धर्मयोद्धा आपले विशेष सामर्थ्य गमावून बसे. तिसरा स्तर अलिखित, सहकाऱ्यांच्या विश्वासाचा होय. जखमी सोबत्याला पुरोहित सावरील, हे गृहीत धरूनच योद्धा पुढे सरसावतो. ऐनवेळी पुरोहिताने पाठ फिरविली तर नियम मोडत नाही, पण मंडळींचा डाव मोडतो. संहिता नसलेल्या नाट्यात हा विश्वासच संहितेचे काम करतो.

निवड की जन्म?

मात्र या खेळात आणखी एक बंधन होते. पात्राचा वंश त्याचा वर्ग ठरवीत असे. १९७४ च्या नियमांत बुटक्यांच्या वंशातील पात्रास केवळ योद्धाच होता येई. १९८१ च्या प्राथमिक संचात तर ‘बुटका’ हा वंशच एक वर्ग मानला गेला. म्हणजे त्या पात्राने काय व्हावे हे जन्मानेच ठरलेले होते. भारतीय वाचकास याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने कोणत्याही वंशास कोणताही वर्ग खुला केला. धर्मयोद्ध्याच्या नैतिक वृत्तीची अट २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सैल झाली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्राने स्वतः निवडलेल्या शपथेस महत्त्व आले. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्दही मागे पडून ‘प्रजाती’ हा शब्द आला. पात्रवर्ग टिकले, त्यांच्याविषयीच्या अपेक्षाही टिकल्या. जन्माची अट तेवढी गेली.

बोहाड्यात घराण्याचा मान आहे, हे खरे. तथापि त्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. पहाटे देवीच्या हातून पडलेला महिषासुर मुखवटा उतरवितो आणि आपल्या कामाला लागतो. गाव त्यास राक्षस म्हणत नाही. अपेक्षा सोंगाकडून होती, ती सोंगासोबतच संपते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भूमिकेचे अपेक्षित वर्तन सहभागींना परस्परांशी जोडते व सामूहिक निर्मिती शक्य करते. ते जाचक ठरते ते दोन परिस्थितींत : भूमिका निवडण्याची मुभा नसते तेव्हा, आणि ती उतरविण्याची सोय नसते तेव्हा. महाविद्यालयीन अध्यापनात भूमिकाभिनयाचा वापर करताना हे दोन्ही निकष उपयोगी पडावेत. परंतु त्यांची खरी गरज नेहमीच्या वर्गातच अधिक आहे. ‘हुशार’, ‘मागचा बाक’, ‘इंग्रजी कच्चे’ हेही पात्रवर्गच होत. विद्यार्थ्याने ते मागितलेले नसतात. तरी पहिल्या चाचणीनंतर मिळालेला मुखवटा तो पदवीपर्यंत वागवितो आणि हळूहळू त्याच चालीने चालू लागतो. बोहाड्यात पहाट झाली की मुखवटा उतरतो. वर्गात ती पहाट आणणे हे अध्यापकाचे काम आहे.