गिरण्यांच्या जमिनी आणि नगररचना

परळ, लालबाग, दादर व लोअर परळ हा मुंबईचा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जातो. शहरातील ५८ कापड गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती आणि तिचा बराचसा भाग याच परिसरात होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतरच्या वर्षांत अनेक गिरण्या बंद पडत गेल्या आणि यंत्रांपेक्षा त्यांच्याखालची जमीन मोलाची ठरली. या जमिनीचा विनियोग कसा व्हावा, याविषयी संबंधितांची मते मात्र भिन्न होती.

प्रत्येकाची बाजू

जमीन विकल्याखेरीज कर्ज फिटणार नाही आणि कामगारांची देणीही देता येणार नाहीत, असे मालकांचे म्हणणे होते. ज्यांच्या श्रमावर गिरण्या उभ्या राहिल्या त्यांना थकलेली देणी व त्याच परिसरात घर मिळावे, ही कामगार संघटनांची मागणी होती. दाटीने वसलेल्या शहरात उद्याने व मैदाने यांसाठी अशी संधी पुन्हा येणार नाही, याकडे पर्यावरणप्रेमी नागरिक लक्ष वेधीत होते. यांपैकी एकही म्हणणे निराधार नव्हते.

एका शब्दाचे मोल

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने यावर तोड काढली. जमिनीचा पुनर्विकास करताना साधारणपणे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास आणि उरलेला मालकास, असे हे वाटप होते. तथापि जमीन सोडावी लागेल म्हणून फारसे मालक पुढे आले नाहीत आणि कामगारांची देणीही अडकून राहिली. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, तर एकत्रित आराखडा करावा, असे सुचविले. परळ व एल्फिन्स्टन रोड स्थानकांभोवती लोकांना वावरण्यास प्रशस्त जागा ठेवावी, ही त्यातील एक सूचना होती.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटप संपूर्ण जमिनीचे न होता केवळ ‘मोकळ्या’ जमिनीचे होऊ लागले. गिरणीची इमारत पाडल्यावर रिकामी होणारी जागा मोकळी मानावी काय, हा वाद न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मोकळी मानली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. गिरण्यांची बहुतेक जमीन बांधकामाखाली असल्याने उद्याने व घरे यांच्या वाट्याला फार थोडी जागा आली.

परिणाम

२०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदार मात्र दीड लाखाच्या घरात होते. गिरण्यांच्या जागी उत्तुंग कचेऱ्या उभ्या राहिल्या, रोज येणाजाणाऱ्यांची संख्या वाढली, पण स्थानकावरील पूल अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. ज्या स्थानकाभोवती प्रशस्त जागा ठेवण्याची सूचना एकवीस वर्षांपूर्वी झाली होती, तेच हे स्थानक होय.

गायरान असो, बंद पडलेला साखर कारखाना असो वा बाजाराची जागा. जमिनीच्या वापराचा प्रश्न गावोगावी उभा राहतो. अशा वेळी सर्वांचे म्हणणे ऐकणे अगत्याचे आहेच; परंतु तेवढ्याने भागत नाही. वाटप कोणत्या क्षेत्रावर मोजले जाणार, नियमातील शब्दाचा अर्थ काय आणि नव्याने येणाऱ्या लोकांसाठी रस्ता, पाणी व मैदान कोठे आहे, हे ठराव संमत होण्यापूर्वीच विचारले पाहिजे. इमारती उभ्या राहिल्यावर या प्रश्नांची उत्तरे बदलता येत नाहीत.