डुकरिणीची बाळंतखोली

मलकापूर, कऱ्हाडपासून वर पाटणपर्यंत रानडुकरांच्या नावानं बोटं मोडणारा ऊसवाला भेटला नाही, असं होत नाही. फड आडवा करणारं हे जनावर विण्याआधी मात्र फार नेटकं वागतं. मादी कळपापासून दूर जाते, आडोसा शोधते, नाकाडानं खळगा उकरते आणि गवत, काटक्या तोंडानं आणून त्यात अंथरते.

शेडमधली पांढरी यॉर्कशायर डुकरीण याच रानडुकराच्या कुळातली. ११४ दिवस भरत आले, की विण्याआधीच्या चोवीस तासांत तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि तिला अंथरूण घालायची घाई सुटते. स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी एडिंबराजवळ पाळीव डुकरं मोकळ्या रानात सोडून पाहिली, तेव्हा त्यांनीही अशीच घरटी केली. हजारो वर्षांच्या दावणीनं ही ओढ पुसलेली नाही.

आता तिला पिंजऱ्यात घाला. दोन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद. उठता-बसता येतं, वळता येत नाही. पिंजरा काही दुष्टाव्यातून आला नाही. आई दोनशे किलोची, पिलू जेमतेम दीड किलोचं. थंडीनं कुडकुडत ते आईला चिकटतं आणि ती आडवी होताना खाली सापडतं. ते टाळायला हे गज. पण गवत नाही, जागा नाही, म्हणून ती सिमेंटच उकरते, गज चावते. ताण वाढला की वेण लांबते. पहिलटकरीण कधी पिलांवर दातही टाकते. मग मालक म्हणतो, ‘ही आई वाईट.’ मला वाटतं, खोली वाईट.

मोकळ्या जागेत तीच मादी गुरगुरून पिलांना जागं करते, नाकानं बाजूला सारते आणि भिंतीला अंग टेकत सावकाश बसते. पिलं आडवी आली तर उठून पुन्हा बसते. त्यासाठी वळायला जागा लागते. भारतीय मानकांत विण्याच्या खोलीला सात ते नऊ चौरस मीटर छपराखालची जागा सांगितली आहे, ती उगाच नाही. भिंतीपासून वीतभर आत, जमिनीपासून वीतभर उंच असा आडवा पाइप बसवला की पिलांना निसटायला फट राहते.

स्वीडननं असे पिंजरे १९८८ मध्येच बंद केले. स्वित्झर्लंडमधल्या पाहणीत मोकळ्या खोल्यांत चिरडून मेलेली पिलं जास्त निघाली, पण इतर कारणांनी मेलेली कमी. एकूण हिशेब जवळपास सारखाच. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हालचालीला जागा न देणारा पिंजरा गुन्हा ठरवतो.

खरी अडचण उन्हाची. पिलांना ३२ अंशांची ऊब हवी, आईला वीसच्या आसपास बरं वाटतं आणि डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. म्हणून पिलांचा कोपरा वेगळा, बल्ब लावलेला, आई घुसणार नाही असा. आणि आईच्या मानेवर थेंब थेंब पाणी.

राहिला बिछाना. पाटणकडचा भाताचा पेंढा चालतो. बुरशी न लागलेलं, बारीक केलेलं उसाचं पाचटही करून पाहायला हरकत नाही. नाहीतरी आपण ते पेटवूनच देतो. फक्त बिछाना विण्याच्या आदल्या दिवशी टाकावा. पहिलं पिलू बाहेर आल्यावर तिला अंथरायचं काही सुचत नाही.