सब्जा, सेंट्रिंग आणि पेशी

वर्ध्याच्या उन्हात सब्जा घातलेलं सरबत तुम्ही प्यायलाच असाल. त्या दाण्याभोवतीचं पाणी धरून बसलेलं बुळबुळीत आवरण म्हणजे हायड्रोजेल! टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये अशाच जेलचा सांगाडा करतात, पेशींना धरून वाढता यावं म्हणून.

पण जेल किती मऊ हवं? २००६ मध्ये अमेरिकेत ॲडम एंग्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेंदूइतक्या मऊ जेलवर मूळपेशी चेतापेशींसारख्या होऊ लागतात, जरा ताठ जेलवर स्नायूपेशींसारख्या, त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. पेशी तीच, गादी वेगळी!

दुसरं गणित वेळेचं. स्लॅब पक्का होण्याआधी सेंट्रिंग काढलं तर? जेल लवकर विरघळलं, तर नवी ऊती कोसळते. फार टिकलं, तर तिला जागाच उरत नाही. शिवाय रक्तवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपलीकडे पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून छिद्रंही हवीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून असे सांगाडे बनवण्याचं काम झालंय. आपल्याकडे सेवाग्राम, सावंगीत डॉक्टर घडतात. पण या कामाला केमिस्ट आणि इंजिनिअरही लागतात. तेव्हा बीएस्सी, इंजिनिअरिंगवाल्यांनो, हा विषय फक्त मेडिकलवाल्यांचा समजू नका!