नवी संगणकप्रणाली व शाळेचे दप्तर

संगणकाची यंत्रसामग्री व त्यावर चालणारे कार्यक्रम यांचा मेळ घालणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली होय. २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’चे नियमित विनामूल्य संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यंत्र त्यामुळे बंद पडत नाही. परंतु नव्याने उघडकीस येणारे दोष दुरुस्त होत नाहीत. ‘विंडोज ११’ला ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठा व ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय लागते. म्हणून अनेक जुनी यंत्रे ती स्वीकारीत नाहीत.

खरा धोका मराठी दप्तराला आहे. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर रोमन चिन्हाच्या जागी बसविलेले असे. तो फॉन्ट नव्या प्रणालीत नसल्यास निकालपत्रक निरर्थक चिन्हांत दिसते. युनिकोडमध्ये मात्र ‘क’चा क्रमांक सर्वत्र २३२५ हाच असतो. यास्तव जुने लेख युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून पाहावेत व त्यांची स्वतंत्र नक्कल ठेवावी. वीज खंडित होणाऱ्या गावी यूपीएसची सोय असल्यावाचून बदल हाती घेऊ नये.

प्रणाली न रुचल्यास सामान्यतः दहा दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’तील ‘गो बॅक’ने परतता येते, मात्र मधल्या काळात बसविलेले कार्यक्रम नाहीसे होतात.

१९५० नंतर काही वर्षे बीड जिल्ह्यात हाली शिक्का व भारतीय रुपया दोन्ही चालत. सात हाली म्हणजे सहा भारतीय असा हिशेब असे. दप्तराचा मेळ बसेपर्यंत जुने यंत्रही तसेच जवळ ठेवावे.